स्वच्छ बर्फाचा दाखला

मी हमालसंघाच्या ऑफिसात पोचलो तेव्हा कोंबडी दाराच्या खांबाला आधीच बांधलेली होती. पांढरी, लठ्ठ, पायाला केळीच्या सोपटाची दोरी. तिला बघताच माझं तोंड कडू झालं.

आमच्याकडे वर, बर्फाच्या शिखरांकडे, जायचं ठरलं की आधी दिवस ठरतात, मग ओझी वजन करतात, हमालांची नावं वाचून दाखवतात आणि सगळ्यात शेवटी कोंबडी बांधतात. एकदा ती बांधली की वर राहिलेल्या माणसाबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही, गेलेले लोक परत खाली येईपर्यंत. यादीतल्या कोणी काढलंच तर मोहीम मोडली. कोंबडी सोडायची, ओझी उतरवायची, पुढची अमावस्या होईपर्यंत गप्प बसायचं. आणि बोलणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं खोडायचं. तो पुन्हा कधी वर जात नाही. बर्फात राहणारा आमचा मालक कितासांबा. त्याने ठेवून घेतलेल्या माणसांची खाली चर्चा झालेली त्याला खपत नाही. मी छत्तीस वर्षं हे पाळलंय, आणि मनापासून पाळलंय.

पण आज अजून नकाशासुद्धा उघडला नव्हता आणि कोंबडी बांधून तयार! हे कोणाचं डोकं ते विचारायची गरज नव्हती. आमच्या डोंगरसोंडेचा म्हातारा प्रमुख म्बुसा, ज्याला सगळे मानाने म्झी म्हणतात, आत खुर्चीत बसला होता, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी काय बोलेन ते त्याला ठाऊक होतं, म्हणून म्हाताऱ्याने मी उंबरा ओलांडायच्या आधीच माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

मी काय बोलणार होतो ते सांगतो. मी मासेरेका. आमच्यात तिसऱ्या मुलाचं नाव मासेरेका आणि चौथ्याचं कुले, म्हणजे कुले माझ्या पाठचा. सात वर्षांपूर्वी मार्गेरिटा शिखरावरून उतरताना आम्ही वर नेलेल्या एका पाहुण्याचा हातमोजा मागे राहिला. पाहुणा म्हणाला, आईने विणलेला आहे. कुले तो आणायला मागे वळला आणि दुधावरची साय फाटावी तसा त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. मी दोर सोडला, तीस मीटर. तळाला लागला नाही. अंधार पडेपर्यंत त्या फटीच्या काठावर पालथा पडून मी हाका मारल्या. पाहुण्याला त्याचा हातमोजा मिळाला. तो फटीच्या अलीकडेच पडलेला होता.

कुले अजून तिथेच आहे. आणि आज हे लोक त्याच बर्फाच्या पेट्या भरून खाली आणायचा बेत करायला जमले होते.

"या, या मासेरेकादादा, तुमचीच वाट बघतोय," थेम्बो म्हणाला. थेम्बो हा आमच्या हमालसंघाचा चिटणीस. ह्याला बुटाला काटे कसे बांधायचे ते मी शिकवलं. आता खिशाला दोन पेनं लावून बसतो आणि माझ्याशी बोलताना मोबाइल बघतो.

त्याच्या शेजारी राजधानीतून, कंपालाहून आलेला साहेब होता, सेम्वांगा नावाचा. पांढरे बूट घालून आमच्या चिखलात आला होता आणि कागदी रुमालाने ते सारखे पुसत होता. माणूस वाईट नव्हता, ते मी आधीच सांगून टाकतो. अदबीने उठला, दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता.

"दादा, काम अगदी सोपं आहे," तो म्हणाला. "आम्हाला वीस पेट्या बर्फ हवाय. शिखराच्या अगदी खालचा, जुना. रस्त्याकडेचा नको."

"वर रस्ता नाही."

"म्हणजे, पावलं उमटलेला नको. अस्पर्श."

"आणि करणार काय त्याचं?"

त्याचा चेहरा उजळला. व्हिक्टोरिया तळ्याकाठी त्यांचं नवीन हॉटेल उघडत होतं. बारा दिवसांनी उद्घाटन. मंत्री, वकील, परदेशी पाहुणे. प्रत्येकाच्या व्हिस्कीत आमच्या डोंगराचा एक एक खडा टाकायचा. "हजारो वर्षांचा बर्फ आहे, दादा. ग्लासात टाकला की आतली जुनी हवा तडतडते. अजून पंधरा-वीस वर्षांनी हा उरणारच नाही. म्हणून तर त्याची मजा."

"विरघळतोय म्हणून मजा?"

"म्हणजे... दुर्मिळ आहे ना," तो म्हणाला आणि पुन्हा बूट पुसायला वाकला.

मला शिसारी आली. दुसऱ्याच्या घरी म्हातारा शेवटचे श्वास मोजतोय आणि हे त्याच्या उशाशी बसून त्याचा घाम ग्लासात धरणार. पण त्याहून जास्त किळस मला आमच्या लोकांची आली. म्झी म्बुसा दात नसलेलं तोंड उघडून हसला. "पिऊ देत की! मुतल्यावर तळ्यातच जाणार ना ते? नदीने गेलं काय, मंत्र्यातून गेलं काय, पाणी शेवटी तळ्यातच."

सगळे खिदळले. बाहेर व्हरांड्यात ताटकळलेले हमालही खिदळले, काय विनोद झाला ते न ऐकताच. पावसात दोन पूल वाहून गेल्यापासून त्यांच्यातल्या कोणाचा पाळीचा नंबर लागला नव्हता. आज वीस पेट्या म्हणजे चाळीस माणसं. त्यांच्या आशाळभूतपणाला मी एकवेळ नावं ठेवणार नाही. पण ह्या चाळीसांतल्या निम्म्यांनी माझ्याबरोबर कुलेला हाका मारल्या होत्या. आता ते जमिनीकडे बघत होते आणि कोंबडी मक्याचे दाणे टिपत होती.

थेम्बोने नकाशा पसरला. "सहा दिवस. चौथ्या दिवशी बर्फाच्या कडेला एलेना झोपडीत मुक्काम, पाचव्याला कापायचं, सहाव्याला धावत खाली."

"धावत?" मी म्हणालो. "बुजुकू तळ्याच्या दलदलीत मांडीपर्यंत माणूस रुततो. पाठीवर बर्फाची पेटी घेऊन तुझा बाप धावणार आहे का?"

"मग किती दिवस म्हणता?"

"नऊ. पहिला पूल नाही, वरून वळसा आहे. आणि थर्मोकोलच्या पेट्या कशाला आणल्यात? दगडावर एकदा आपटल्या की फुटतील. कॉफीची टरफलं भरा गोणीत. आमच्या आया त्यात गरम भांडं ठेवायच्या, दुसऱ्या दिवसापर्यंत गरम राहायचं. गरम राहतं तसं गारही राहील."

साहेबाने टाळी वाजवली. "बघा! हा खरा माणूस!" थेम्बोने लगेच लिहून घेतलं.

तेव्हा कुठे मला माझाच आवाज ऐकू आला. मी भांडायला आलो होतो आणि बसून त्यांचाच बेत दुरुस्त करत होतो! चुकीचं ऐकून घेणं मला जमत नाही, एवढंच कारण असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण कारण दुसरं होतं.

गेल्या कोरड्या हंगामात बर्फाच्या खालच्या टोकाशी एक गमबूट सापडला होता. डावा, लहान मापाचा. कुलेचा नव्हता, कुलेचे पाय फावड्याएवढे. पण त्याचा अर्थ मला कळला: बर्फ आता घेतलेलं परत द्यायला लागला होता. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. चाळीस माणसं, मोठ्या करवती, नवे दोर, वर मुक्कामाची सोय. हे सगळं मला एरवी कोण देणार? मी मुख्य वाटाड्या म्हणून गेलो तर कुठे कापायचं ते मी ठरवणार. कदाचित तो सापडेल. त्याला खाली आणता येईल, त्याच्या केळीच्या बागेत पुरता येईल, आणि त्याच्या बायकोला बसायला एक जागा होईल.

म्हणून मी गप्प होतो. इतरांना आशाळभूत म्हणत होतो आणि स्वतः टेबलाखाली लाळ गाळत होतो.

काबुघो कुलेची बायको. ऑफिसच्या मागच्या चुलीवर तीच रांधते. तिचं नवऱ्यासाठी रडणं कोणी पाहिलेलं नाही. पण दर कोरड्या हंगामात खाली आलेल्या प्रत्येक हमालाला ती एकच प्रश्न विचारते, "काही दिसलं?" आणि तो नाही म्हणाला की त्याच्या ताटलीत आणखी एक मासा टाकते. मघाशी मी मागच्या बाजूने आलो तेव्हा ती कसाव्याच्या पिठाचा उंडा घोटत होती. मला म्हणाली, "भावोजी, आज तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही." मी मान डोलावली होती.

"सगळं ठरलं तर मग," सेम्वांगाने फायलीतून एक जाड कागद काढला. कडेने सोनेरी नक्षी, वर डोंगराचं चित्र. "फक्त एक सही, दादा. मुख्य वाटाड्याची. ही आम्ही चौकटीत घालून दारात लावणार."

मी वाचलं. लिहिलं होतं, हा बर्फ मी स्वतः पाहिलेला असून तो पूर्णपणे स्वच्छ आहे, आणि त्यात बर्फाशिवाय दुसरं काहीही नाही.

थेम्बोने मोबाइल उलटा ठेवला.

"आमच्या पाहुण्यांना खात्री लागते," साहेब म्हणाला. "म्झी, तुम्ही सांगा, स्वच्छ आहे ना?"

"आरशासारखा," म्झी म्बुसा म्हणाला. नजर काठीवर.

"चिटणीस?"

"एकदम स्वच्छ, सर." फटीत दोर सोडताना माझे पाय धरून बसलेला तो हाच थेम्बो.

"दादा?"

त्याच वेळी मागच्या दारातून काबुघो आत आली. दोन्ही हातांत हंडी, कडेला फडकी. ती दारातच थांबली. तिने कागद पाहिला, माझ्या हातातलं पेन पाहिलं. वाफ तिच्या तोंडावर येत होती, तरी तिने तोंड वळवलं नाही.

"आत काही नाही ना, दादा?" साहेबाने पुन्हा विचारलं, अगदी हळू, पेशंटला विचारावं तसं.

"नाही," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

आणि सही केली. मासेरेका येरेमिया, दोन्ही नावं, पूर्ण.

काबुघोने हंडी टेबलावर ठेवली, थेट नकाशावर. मग ती साहेबाकडे वळली आणि त्याच्या भाषेत, कंपालाच्या भाषेत, एकेक शब्द सुटा करून बोलली. आमच्या भाषेत नाही, कारण तिला ते त्याला कळायला हवं होतं.

"त्यात माझा नवरा आहे."

सेम्वांगाचा हात रुमालासकट थांबला. "काय?"

"माझा नवरा. त्या बर्फात. सात वर्षं झाली. तुम्ही ग्लासात टाकणार तो तोच बर्फ."

मी आधी म्हटलं, माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा खरंच उतरला. "फार वाईट झालं, ताई," तो म्हणाला. खरंच वाटलं म्हणून म्हणाला. मग थोडा वेळ तो हंडीखालून डोकावणाऱ्या नकाशाकडे बघत राहिला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या चेहऱ्यावर दुःखाच्या जागी हिशोब आला.

"कुठल्या बाजूला?" त्याने थेम्बोला विचारलं. "पूर्वेला का? मग आपण पश्चिमेचा कापू. चालेल ना? आणि हे कुठे लेखी नाहीये ना?"

"नाही सर, लेखी काही नाही," थेम्बो म्हणाला.



"म्झी, मोहीम मोडली का?" व्हरांड्यातून कोणीतरी घाबऱ्या आवाजात विचारलं. "वर राहिलेल्याचं नाव काढलं हिने."

म्झी म्बुसाने काठी आपटली. "कशी मोडेल? बाई यादीत आहे का? यादीत नसलेल्याचं बोलणं मोजत नाहीत. कोंबडी बांधलेलीच राहू द्या."

"मला ठाऊक आहे, म्झी," काबुघो म्हणाली. "मी मोडायला नाही बोलले. हा काय पिणार आहे ते त्याला कळावं म्हणून बोलले." आणि ती ताटल्या मांडायला लागली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

साहेबाने माझा दाखला उचलला, शाई वाळली का बघायला त्यावर फुंकर मारली आणि प्लास्टिकच्या फायलीत सरकवला. मग जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, तुमच्या भावना मी समजू शकतो. पश्चिमेचा कापायचा, एवढं फक्त लक्षात ठेवा."

"साहेब," मी म्हणालो, "बर्फ चालतो."

"म्हणजे?"

"रोज चालतो. हळूहळू, पण चालतो. पूर्व आणि पश्चिम वर असते, खाली सगळा एकच असतो. सात वर्षांत तो कुठून कुठे सरकला ते मला सांगता येत नाही, आणि ह्या खोलीतल्या कोणाच्या बापालाही सांगता येणार नाही. तुमच्या कुठल्या पेटीत काय असेल ते तुम्हीही सांगू शकत नाही."

"मासेरेका!" म्झी म्बुसा उभा राहिला. "तू यादीत आहेस! तोंड सांभाळ!"

छत्तीस वर्षं मी ती चाल पाळली होती. हे बोललो की मी पुन्हा कधी वर जाणार नाही, करवती नाहीत, दोर नाहीत, त्याला शोधणं नाही, हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं.

"माझा भाऊ कुले वर आहे," मी म्हणालो. "त्याच्या अंगात माझा निळा स्वेटर आहे. सकाळी थंडी होती म्हणून मीच दिला होता. मी सही केली ती खोटी आहे."

बाहेर कोणीतरी पाठीवरचं ओझं धाडकन टाकलं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. म्झी म्बुसा खांबापर्यंत गेला आणि दोरी सोडू लागला. गाठ सुटेना तसा मला शिव्या घालत राहिला, आणि कोंबडी सुटल्यावर फडफडत थेट केळीत पळाली.

"एवढ्यावरून?" साहेब सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. "पण कोणी काही केलंच नाही अजून! उद्या सकाळी निघता येणार नाही?"

"नाही सर," थेम्बो म्हणाला. "आता अमावस्येनंतर." त्याने यादीची वही उघडली आणि माझं नाव खोडलं. एक रेघ पुरली असती, त्याने तीन मारल्या.

सेम्वांगा फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारू लागला. मी ऐकलं, तो कोणाला तरी विचारत होता की केनियाच्या डोंगरावर अजून बर्फ शिल्लक आहे का, आणि तिकडचे लोक जरा समजूतदार आहेत का. व्हरांड्यातून हमाल उठून चालले होते. एकजण माझ्या पायाजवळ थुंकला. त्याच्या घरी आज काय शिजणार होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी पाय मागे घेतला नाही.

काबुघोने वाढायला घेतलं. म्झी म्बुसाला वाढलं, थेम्बोला वाढलं, साहेबाच्या ड्रायव्हरला बोलावून वाढलं. परत चाललेल्या हमालांच्या हातांवर उंड्याचे गोळे ठेवले, प्रत्येकावर सुक्या माशाचा तुकडा. शिव्या देत होते त्यांनाही दिलं. हंडीत शेवटी एक गोळा उरला. मी ताटली धरून उभा होतो.

तिने तो गोळा फडक्यात बांधला.

"काबुघो," मी म्हणालो, "मी बोललो ना. यादीतून नाव गेलं माझं. सगळं गेलं."

"बोललात," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, वर चढलेला नव्हता. "पण भावोजी, त्याने विचारलं तेव्हा तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही. मी दारातच उभी होते."

फडकं काखेत घेऊन, रिकामी हंडी उचलून ती मागच्या दाराने निघून गेली.